चोरीला गेलेलं तळं

१

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आमच्या ऑफिसातून एक तळं चोरीला गेल्याचं उघडकीस आलं.

तळं काही लहानसहान नव्हतं. चांगलं अकराशे हेक्टरांचं होतं. शुक्रवारी मी घरी गेले तेव्हा ते जागेवर होतं, आणि सोमवारी कॉम्प्युटर सुरू केला तर तिथे सपाट, कोरडी, इस्त्री केल्यासारखी जमीन. मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. मग उठून खिडकीपाशी गेले, कारण खरं तळं आमच्या खिडकीतून दिसतं. ते होतं बिचारं आपल्या जागी, ऊन खात पसरलेलं. चोरीला गेलं होतं ते कॉम्प्युटरमधलं तळं.

आता हसू नका. आमची नदी वर्षातले तीन महिने पात्रात मावत नाही. ती बाहेर येते, मैलोन् मैल पसरते आणि मग सावकाश, पाहुणी निघाल्यासारखी परत जाते. यंदा ती कुठवर येईल हे आधी सांगणं, हे आमचं काम. त्यासाठी सगळ्या पूरमैदानाचे आम्ही चौकोन पाडले आहेत, गणिताच्या वहीत असतात तसे. एकेका चौकोनाची उंची कॉम्प्युटरला दिलेली आहे. तो वरून पाणी सोडतो आणि ते या चौकोनातून त्या चौकोनात कसं सरकेल ते मांडतो. तळं म्हणजे यातली मोठी टाकी. पुराचं पाणी आधी तिथे साठतं, मग पुढे जातं. टाकीच नाही म्हटल्यावर पाणी जाणार कुठे? माझ्या पडद्यावर ते खालच्या वस्तीत शिरलं होतं आणि चारशे बारा घरं बुडवून बसलं होतं.

त्यात त्याच दिवशी दुपारी चार वाजता नकाशा वरच्या कचेरीत जायचा होता. यंदाचा नकाशा नेहमीसारखा नव्हता. त्यात जी घरं बुडालेली दिसतील ती कायमची हलवायची, असा हुकूम होता.

"साहेब," मी ओरडले, "तळं गेलं!"

साहेब आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर आले. आमचे साहेब म्हणजे नियमांचं चालतंबोलतं पुस्तक. कुठलीही उंची नकाशात घालायची तर दोन माणसांनी मोजलेली हवी आणि दोघांच्या सह्या हव्यात, हा नियम त्यांचाच. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. पण आवाज होता तसाच राहिला.

"गुरुवारची प्रत आहे ना? ती लावा आणि द्या पाठवून."

म्हणजे प्रश्नच मिटला. गुरुवारच्या प्रतीत तळं होतं, खालची वस्ती कोरडीठाक होती. त्या सबंध नकाशात बुडणारं घर एकच होतं. तळ्याच्या मधल्या बेटावरचं, बदकताईचं.

बदकताई म्हणजे साठी ओलांडलेली, काठीसारखी सरळ बाई. एकटी राहते, पण ऐंशी बदकं असली की माणूस एकटं कसलं राहतंय. दर पुरात आम्ही तिला बदकांसकट उचलून शाळेच्या हॉलमध्ये नेऊन ठेवतो. ती दरवर्षी सांगते, "माझ्या अंगणात कधी पाणी येत नाही." आम्ही दरवर्षी सांगतो, "नकाशात येतं." यंदा मात्र तिला नेलं की परत सोडणार नव्हते.

"एकच तर घर आहे," साहेब म्हणाले. हे ते मला म्हणाले नाहीत, खिडकीला म्हणाले.

मी गुरुवारची प्रत उघडायला हात पुढे केला, तोच दारातून खणखणीत आवाज आला.

"खबरदार! कशालाही हात लावायचा नाही!"

२

दारात माझ्या सासूबाई उभ्या होत्या.

त्यांचं येणं अगदीच अकारण नव्हतं. घराच्या दोन्ही किल्ल्या मी सकाळी पर्समध्ये टाकून आणल्या होत्या आणि त्या बिचाऱ्या पायात चपला अडकवून शेजारी गेल्या तेवढ्यात दार लागलं होतं. चावायला येतील असं मला वाटलं. पण त्यांचं लक्ष पडद्यावर होतं.

सासूबाईंनी चाळीस वर्षं गणित शिकवलं आणि गणिताचे पेपर तपासले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी समोर चूक दिसली की त्यांचा हात अजून लाल पेन शोधतो. आमच्या घरात वाण्याची यादीसुद्धा गुण घेऊन बाहेर पडते.

"आई, किल्ली देते, थांबा," मी म्हटलं.

"राहू दे किल्ली. पोरांचं हेच असतं. उत्तर चुकलं की आधी खोडरबर. अगं, चूक कुठे झाली ते कळल्याशिवाय खोडायचं नसतं. नाही तर पुन्हा तीच करशील." त्यांनी मला माझ्याच खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसल्या. "चुकीलाही अक्षर असतं. पन्नास पेपरांत एक चूक दाखव, मी सांगेन कुणाची ते. चला, दाखव तुझं तळं."

साहेब काहीतरी बोलणार होते. पण सासूबाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून असं पाहिलं की ते मुकाट्याने आपल्या खोलीत गेले. काचेतून मला दिसलं, त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा कोट सारखा केला आणि ते नुसतेच बसून राहिले. समोरच्या कोपऱ्यात त्यांची जुनी लाकडी मोजकाठी उभी होती. साहेबांनी नोकरीची सुरुवात मोजणीदार म्हणून केली होती, त्या वेळची ती आठवण. एरवी कोट त्या काठीवर टांगलेला असतो.

"ही जमीन कुणी हाताने भरलेली नाही," सासूबाई म्हणाल्या. "सगळीकडे एकच आकडा. एक्केचाळीस पूर्णांक सदतीस. माणूस इतकं सारखं करत नाही, कंटाळतो."

बाईंचं डोकं तल्लख होतं. मी सांगितलं, की उपग्रहाच्या आकड्यांत खोटे खड्डे फार असतात, म्हणून दर शनिवारी कॉम्प्युटर आपोआप नकाशातले खड्डे काठोकाठ बुजवतो. जो खड्डा खरा असेल, त्यात आम्ही 'राखीव' अशी खूण ठेवलेली असते. खूण दिसली की तो खड्ड्याला हात लावत नाही.

"आणि तळ्यात खूण नव्हती?"

"अकरा वर्षांपासून आहे. आत्ताही आहे. हे बघा."

"म्हणजे राखणदार जागेवर, आणि माल गायब." सासूबाईंना मजा वाटायला लागली होती. त्या पडद्याजवळ वाकल्या. "आणि हे काय गं? एवढ्या सपाटीवर हा गालावरच्या तिळासारखा ठिपका?"

मी ठिपका मोठा केला. तीन आडवे, तीन उभे, असे नऊ चौकोन. नवांची उंची जवळपास चव्वेचाळीस मीटर. गुरुवारच्या प्रतीत तिथे तळ्याचा तळ होता.

ते बेट होतं. आमच्या नकाशात नसलेलं बेट कुणीतरी नकाशात घातलं होतं.

मी घाईघाईने कॉम्प्युटरची नोंद उघडली. कोण, कधी, काय बदललं, सगळं तिथे लिहिलेलं असतं. शुक्रवार, दुपारी एक वाजून वीस मिनिटं, नऊ चौकोन. आणि पुढे नाव होतं आमच्या उपग्रहवाल्याचं.

३

उपग्रहवाला हा अत्यंत गरीब स्वभावाचा माणूस. आकाशातून आलेली चित्रं बघत बसतो आणि जमिनीवर काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्याला बोलावलं तर तो गालावर हात ठेवून आला.

"शुक्रवारी एक वाजून वीस मिनिटांनी तू कुठे होतास?" सासूबाईंनी विचारलं.

"डेंटिस्टकडे," तो कळवळून म्हणाला. "दाढ काढली. हा बघा कागद. हा बघा खड्डा."

"तोंड मिट. मग तुझ्या नावाने आत कोण शिरलं?"

"कुणीही शिरेल हो. माझा पासवर्ड माझ्या पडद्यावर चिकटवलाय. ऑफिसला पाठ आहे. साहेब स्वतःचा विसरले की माझाच वापरतात."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

मग आली मोजणीवाली. ही पोरगी पाठीवर उपकरणं लादून चिखलातून अशी चालते, जणू लग्नाला निघाली आहे. तिच्यावर माझा संशय पहिल्यापासून होता. गेल्या वर्षी ती बदकताईच्या बाजूने साहेबांशी कडाकडा भांडली होती.

"भांडले म्हणजे काय, भांडलेच!" ती म्हणाली. "म्हटलं, मला बेटावर जाऊन मोजू द्या. तर म्हणे, एका घरासाठी मोजणी काढता येणार नाही, ते नियमात बसत नाही. पण बाई, मी जर ते नऊ चौकोन घातले असते ना, तर गच्चीवर उभं राहून सांगितलं असतं."

मला ते पटलं. ही मुलगी शिंकली तरी तीन खोल्यांत कळतं.

सासूबाईंनी दोघांपुढे एकेक कोरा कागद ठेवला. "तुम्ही मोजलेल्या कुठल्याही पाच उंच्या लिहा. आठवतील त्या. शेजारच्याचं बघायचं नाही."

ऑफिसात एकदम परीक्षा सुरू झाली. उपग्रहवाला पेन चावायला गेला आणि दाढ आठवून थांबला. पाच मिनिटांनी सासूबाईंनी पेपर गोळा केले आणि माझ्यापुढे धरले. उपग्रहवाल्याने लिहिलं होतं ३९, ४२, ४० वगैरे. मोजणीवालीने लिहिलं होतं ४१.३८२, ४३.११७, ३९.६०४ असं काहीबाही.

"आकाशातून बघणाऱ्याला पूर्ण मीटरच दिसतात," सासूबाई म्हणाल्या. "आणि हिचं यंत्र मिलिमीटरपर्यंत सांगतं, त्यात शेवटी कुठलाही आकडा येतो. दोन, सात, चार. आता आपल्या चोराचे आकडे वाच."

मी वाचले. "त्रेचाळीस पूर्णांक सातशे पंच्याऐंशी. आठशे दहा. सहाशे पंच्याण्णव. सातशे चाळीस. आठशे पाच..."

"शेवटी काय येतं?"

"पाच... नाही तर शून्य." मी बाकीचे भरभर पाहिले. नवांच्या नवांना तेच होतं.

"म्हणजे हे या दोघांपैकी कुणाचंच अक्षर नाही."

मोजणीवाली माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिने भुवया आकसल्या. "एक मात्र विचित्र आहे. बरोबर चौकोनांच्या मध्यावर मोजलंय, म्हणजे माणूस आपल्या कामातला. पण घर बुडतं की नाही हे बघायला गेलं, की पहिला आकडा उंबऱ्याचा घ्यायचा, हे कुणीही शिकाऊसुद्धा जाणतो. याने सगळं अंगण मोजलं, बदकांचं खुराडं मोजलं, मागचा उतार मोजला. उंबरा सोडला."

सासूबाईंनी ते नऊ चौकोन पुन्हा एकदा पाहिले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सोडला नाही गं. त्याला दारापर्यंत जाता आलं नाही."

४

साडेअकरा वाजले. साहेबांनी काचेतून घड्याळाकडे बोट दाखवलं. मी मान डोलावली आणि पुन्हा पडद्याकडे वळले. तळं का बुजलं, हे अजून कळलं नव्हतं.

"ती तुझी खूण," सासूबाई म्हणाल्या, "नेमकी कुठे आहे?"

"तळ्याच्या मध्यावर. अगदी बरोबर मध्यावर."

"आणि बेट कुठे आहे?"

मी बेटाच्या मधल्या चौकोनावर बोट ठेवलं.

बेट तळ्याच्या मध्यावरच होतं. इतकी वर्षं नकाशात तिथे पाण्याचा तळ होता, म्हणून खूण खड्ड्यात बसलेली होती. शुक्रवारी कुणीतरी तिथे खरं बेट ठेवलं आणि माझी खूण त्याच्यासकट वर उचलली गेली. शनिवारी कॉम्प्युटर आला. त्याने खड्ड्यात पाहिलं, तिथे खूण नाही. खूण होती ती शेजारच्या उंचवट्यावर. मग त्याने इमानेइतबारे तळं काठोकाठ बुजवून टाकलं. आमच्या कामात घरंही अशी बुडतात, कुणी वाईट असावं लागत नाही.

"म्हणजे चोरी झालीच नाही," मी म्हटलं. "कुणीतरी नकाशा बरोबर केला आणि त्यामुळे तळं गेलं."

"बरोबर. आता सांग, खूण मध्यावर कुणी ठेवली?"

"मी."

"आणि मध्ये बेट असताना सबंध तळं एकसंध निळं कुणी रंगवलं?"

"तेही मीच," मी म्हटलं. अकरा वर्षांपूर्वी मी नवी होते. उपग्रहाच्या चित्रात बेटाभोवतीची लव्हाळी आणि पाणी एकच दिसत होतं. बेटाची चौकशी करायला होडी लागली असती आणि अर्धा दिवस गेला असता. मी काठाकाठाने एक रेघ ओढली आणि आतलं सगळं पाणी म्हणून टाकलं. इतकी वर्षं बदकताई सांगत होती की माझ्या अंगणात पाणी येत नाही, आणि आम्ही तिला माझीच रेघ दाखवत होतो.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, आणि आश्चर्य म्हणजे आवाज मऊ होता, "हे अक्षर तुझं आहे. घाईत असलीस की तू कडा नीट करतेस आणि मध्यभाग तसाच सोडतेस. चादरसुद्धा तशीच घालतेस."

मला फार लाज वाटली. रडूच यायचं, पण वेळ नव्हता. गुरुवारची प्रत पाठवली असती तर माझी ती रेघ कायमची खरी ठरली असती.

"आई, मग बेट मोजलं कुणी?"

सासूबाईंनी मोजणीवालीकडे पाहिलं. "असं कुठलं साधन आहे, की ज्यात शेवटी पाच किंवा शून्यच येतं?"

"आता कोण वापरतंय!" मोजणीवाली म्हणाली. "जुनी लाकडी मोजकाठी. तिच्यावर पाच-पाच मिलिमीटरच्या रेघा असतात. काठी, गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी, आणि तळ्याचं संथ पाणी, एवढ्यावर एकटा माणूससुद्धा मोजू शकतो. पण तसली काठी आता या ऑफिसात फक्त..."

ती थांबली. आम्ही चौघं एकदम काचेच्या खोलीकडे वळलो.

साहेबांचा कोट अजून खुर्चीवरच होता.

५

सासूबाई दार न वाजवता आत गेल्या, सरळ कोपऱ्यात जाऊन त्यांनी काठी उचलली आणि उलटी केली. तिच्या टोकाला वाळलेला चिखल होता. चिखलात एक बारीक पांढरं पीस चिकटलं होतं.

"चिखलाच्या काठीवर कोट कसा टांगणार?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही नीटनेटके आहात, त्यात सापडलात."

मला वाटलं, साहेब रागावतील. ते उठले, खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"ती माझी ताई आहे," ते म्हणाले. "सख्खी, थोरली."

उपग्रहवाल्याने दाढ विसरून तोंड उघडलं.

"चार वर्षांपूर्वी माझी इथे बदली झाली. पहिल्याच हंगामात तिला हलवायच्या कागदावर सही करायची वेळ आली. मी केली. नकाशात घर बुडत होतं. बहीण आहे म्हणून सोडलं असतं तर बाकीच्यांना काय तोंड दाखवलं असतं? ती म्हणाली, 'एकदा येऊन मोज तरी.' मी म्हटलं, नियमात बसत नाही. त्या दिवसापासून तीन वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही." त्यांनी चष्मा काढला. "यंदा कायमचं हलवायचं म्हटल्यावर मला राहवेना. कालच्या नव्हे, त्याआधीच्या रविवारी ती बाजाराला गेल्याचं पाहिलं आणि होडी घेतली. नऊ खुंट्या ठोकल्या, नऊ ठिकाणं मोजली. दाराकडे वळलो, पण पुढे पाय टाकवेना. आकडे बरोबर होते. पण मोजणारा मी एकटा, त्यात भाऊ. सह्या कुठून आणणार? म्हणून लपून घातले. आणि आज पाहतो तर तळंच गेलेलं. वाटलं, बहिणीसाठी लबाडी केली आणि चारशे घरं बुडवली. जुनी प्रत जाऊ दे, हीच मला शिक्षा."

सासूबाईंनी काठी खाली ठेवली.

"उत्तर बरोबर, पण रीत लपवली," त्या म्हणाल्या. "मी असल्या पोराला अर्धे गुण द्यायची आणि फळ्यावर बोलवायची. भाऊ म्हणून तुम्ही सही नका करू हो. पण दुसऱ्या कुणाला मोजायला कुणी अडवलंय? आत्ता बारा वाजलेत."

साहेब वळले. त्यांनी मोजणीवालीकडे पाहिलं.

"एका घरासाठी मोजणी..." ते अडखळले.

"काढता येते!" मोजणीवाली म्हणाली आणि उपकरणं पाठीवर टाकलीसुद्धा. दोन सह्या हव्यात म्हणून तिने उपग्रहवाल्याला दंडाला धरून नेलं. तो बिचारा आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवरून जमीन बघायला निघाला होता.

मग आम्ही वाट पाहत बसलो. एक वाजला. दीड वाजला. साहेब काठीचा चिखल रुमालाने पुसत होते आणि तो केव्हाच निघून गेला होता. दोनला पाच मिनिटं असताना माझा फोन वाजला.

"आकडे जुळले!" मोजणीवालीचा आवाज फोनशिवायही ऐकू आला असता. "नवांपैकी एकातही पाच मिलिमीटरचा फरक नाही! पण तुम्ही आधी एक ऐका. साहेबांच्या खुंट्या सगळ्या इथेच आहेत. आणि प्रत्येक खुंटीभोवती दगड रचलेत, गोल. मी विचारलं तर बदकताई म्हणते, बदकांनी पाडू नयेत म्हणून."

साहेबांच्या हातून रुमाल खाली पडला.

"तिला कळलं होतं," ते म्हणाले. "मी येऊन गेलो, ते तिला कळलं होतं." आणि आमचे साहेब, नियमांचं ते पुस्तक, दोन्ही हातांत तोंड धरून लहान मुलासारखे रडले.

६

नकाशा करायला चाळीस मिनिटं लागतात. मी नऊ चौकोन दोन सह्यांनिशी घातले. माझी खूण बेटावरून उचलली आणि तळ्यात खोल पाणी असतं तिथे नेऊन ठेवली. सासूबाईंनी ती जागा तीनदा तपासायला लावली. मग कॉम्प्युटरने पाणी सोडलं आणि आम्ही श्वास रोखून बघत बसलो.

नदी आली, तळ्यात शिरली आणि तिथे ऐसपैस बसली. खालची वस्ती कोरडी राहिली. तळ्याचं पाणी चढत चढत बेचाळीस पूर्णांक नव्वदपर्यंत आलं आणि बेटाच्या कडेला लागून थांबलं. बदकताईचं अंगण त्याच्या वर पाऊण मीटर होतं. यंदाच्या नकाशात बुडणारं घर एकही नव्हतं.

तीन वाजून बावन्न मिनिटांनी नकाशा गेला. त्यासोबत मी एक कागद जोडला, की अकरा वर्षांची चूक माझी आहे. साहेबांनीही एक जोडला, की चोरून बदल त्यांनी केला. सासूबाईंनी दोन्ही कागद वाचले आणि माझ्यातलं एक वाक्य छोटं केलं.

साडेचारला आम्ही सगळे होडीत होतो. पाणी लख्ख होतं. साहेब पुढे बसले होते आणि त्यांनी काठी भाल्यासारखी उभी धरली होती. सासूबाईंना मी किल्ली देऊ केली, तर म्हणाल्या, "आता कशाला? मला अंडी घ्यायचीत."

बेटावर ऐंशी बदकांनी एकच गलका केला. बदकताई दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून. साहेब अंगणात आले आणि पहिल्या खुंटीपाशी थबकले. दगडांचं ते कडं बघून त्यांना पुढे सरकवेना. मी पुढे झाले आणि म्हटलं, "ताई, तुमचं घर राहिलं. इतकी वर्षं जे झालं ती चूक माझी होती. मी इथे येऊन बघायला हवं होतं."

"आलीस ना आता," ती म्हणाली. तिने मला तेवढ्यावर सोडून दिलं. तिची नजर भावावर होती.

"नऊ ठिकाणं मोजलीस," ती त्याला म्हणाली. तीन वर्षांतलं ते पहिलं वाक्य. "उंबरा कोण मोजणार?"

साहेब सावकाश चालत गेले आणि त्यांनी काठी उंबऱ्यावर उभी केली. मोजणीवालीने नळीचं दुसरं टोक खुंटीशी धरलं. मी वही उघडली. साहेबांनी काठीवर डोळे लावले.

"एक पूर्णांक दोनशे... सत्तावन्न."

"सात?" सासूबाई लगेच म्हणाल्या. "या काठीवर सात दिसतोच कसा? पाच तरी येईल, नाही तर शून्य."

"काठी हलतेय," साहेब म्हणाले.

"काठी कुठे हलतेय, डोळ्यांत पाणी आलंय तुझ्या. सरक." बदकताईने त्यांना खांद्याने बाजूला केलं आणि स्वतः वाकून वाचलं. "दोनशे पंचावन्न. लिही गं." मग तिने भावाच्या हातातली काठी काढून भिंतीला टेकवली. "आता आत ये."

साहेब उंबरा ओलांडून आत गेले. मी वहीत पंचावन्न लिहिलं, खाली सही केली, आणि दुसऱ्या सहीसाठी वही सासूबाईंकडे दिली.